वरच्या पायरीवरचा राउटर

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात नंबर लावून बसलेली असताना, कुठंही माझी ओळख निघाली की माणसं एकच प्रश्न विचारतात: "अक्का, कमी किमतीत चांगला राउटर कुठला?" मी उलट विचारते, "घर कसं आहे?" यावर बरेच जण हसतात. काहींना वाटतं मी त्यांची ऐपत काढते आहे. पण खरं सांगायचं तर या धंद्यात मला जे काही कळलं ते एवढ्या एका प्रश्नात मावतं. बाकीचं सगळं खोक्यावर छापलेलं असतं.

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी "तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा" असा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझं मराठी म्हैसूरचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दुकानात गिऱ्हाइकाशी दोन्हींचा बिसीबेळेभात. संपादक म्हणाले, तुम्ही लिहा, आम्ही नीट करून घेतो. तेव्हा यात जे चांगलं मराठी दिसेल ते त्यांचं.

लष्कर मोहल्ल्यात आमचं एका शटरचं दुकान. मूळचं ते माझ्या यजमानांचं, रेडिओ दुरुस्तीचं. लग्न होऊन आले तेव्हा मला फक्त रेडिओ लावता यायचा. दुपारचा डबा घेऊन जाता जाता, त्यांच्या शेजारी बसता बसता मी तारांना कथलाचा डाग द्यायला शिकले. पुढं रेडिओ गेले, टेप गेले, टीव्ही चपटे झाले, आणि दुरुस्त करण्यापेक्षा नवं घेणं लोकांना सोपं वाटू लागलं. त्याच सुमारास यजमानांची नजर कमी झाली. बारीक काम माझ्याकडे आलं आणि त्यामागोमाग इंटरनेटच्या तारा आल्या. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते म्हणतात. त्यांची एक तलवार घरात आहे. खंडेनवमीला तिची पूजा होते, आणि तिच्या शेजारी माझा क्रिंपर मांडतात, म्हणजे तारेच्या टोकाला प्लग दाबून बसवायची पक्कड. तलवारीनं काही पराक्रम केला असेल तर त्याची आठवण कुणाला नाही. क्रिंपर मात्र रोज चालत होता.

बाई असण्याचा या धंद्यात मला फायदाच झाला. पुरुष मेकॅनिक आला की त्याला हॉलमध्ये उभा करतात, आणि तो तार हॉलमध्येच सोडून जातो. मला लोक स्वयंपाकघरापर्यंत, देवघरापर्यंत जाऊ देत. कोण कुठं बसतं, आजोबा कुठल्या कोपऱ्यात फोन घेऊन पडतात, गोदरेजचं कपाट कुठल्या भिंतीला आहे, हे सगळं मला चहा पिता पिता कळायचं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रस्त्यावरच्या खांबावरून केसाएवढ्या काचेच्या तंतूतून नेट घरात येतं. ते एका डब्यात उतरतं, आणि राउटर ते घरभर हवेत सोडतो. सोडताना तो दोन प्रकारच्या लहरी वापरतो. एक लांब जाते, भिंत ओलांडते, पण सावकाश चालते. दुसरी वेगवान असते, पण पहिल्या भिंतीलाच दमते. स्वस्त राउटर घ्या, काही हरकत नाही; मात्र त्यात या दोन्ही लहरी हव्यात. मागं तार खोचायची जी भोकं असतात ती जलद गतीची आहेत का, हे विचारा. आणि बनवणारी कंपनी त्याचं सॉफ्टवेअर वेळोवेळी ताजं करते का, हेही विचारा, नाहीतर दोन वर्षांनी तुमच्या घराला कुलूप नाही असं समजा. शिंगं, म्हणजे त्याचे अँटेना, मोजू नका. गिऱ्हाइकं नेहमी शिंगं मोजतात. दोन शिंगांचा उंचावर, मोकळ्यावर, घराच्या मध्यावर ठेवलेला राउटर आठ शिंगांच्या कोपऱ्यात कोंबलेल्या राउटरला सहज हरवतो. पाणी, आरसा आणि लोखंड हे त्याचे तीन वैरी, आणि लोखंड त्यातलं सगळ्यात वाईट.

म्हैसूरमधल्याच विजयनगर भागातले एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी माझ्याकडून राउटर नेला आणि चार दिवसांनी परत आणला. म्हणाले, शयनगृहात काहीच येत नाही, माल खराब आहे. मी घरी गेले. राउटर गोदरेजच्या कपाटात, लॉकरच्या शेजारी, दार लावून ठेवलेला. तार जायला त्यांनी कपाटाला मागून भोक पाडून घेतलं होतं. मी म्हटलं, "सर, हा आत का?" ते म्हणाले, "बाहेर ठेवला तर कामवाली खालचा पासवर्डचा नंबर बघून घेईल की." मी राउटर कपाटावर ठेवला, नंबर बदलून दिला आणि त्यांना तो पाठ करायला लावला. पुढं दर उगादीला, म्हणजे पाडव्याला, ते मला न चुकता शुभेच्छा पाठवायचे, आणि खाली लिहायचे, "नंबर अजून पाठ आहे."

पिरियापट्टणहून एक तंबाखूवाले गौडा आले होते. त्यांना घरातलं नेट शेतातल्या बार्नपर्यंत पोचवायचं होतं. बार्न म्हणजे तंबाखूची पानं भट्टीच्या उष्णतेवर वाळवायची उंच खोली. आतलं तापमान बिघडलं तर पानं काळी पडतात आणि मेहनत वाया जाते. तिथं बसून त्यांना मापकाचे आकडे फोनवर बघायचे होते. कुणीतरी त्यांना आठ शिंगांच्या राउटरचं चित्र दाखवलं होतं, आणि ते पैसे घेऊनच आले होते. मी बसनं जाऊन शेत बघितलं. घर आणि बार्न यांच्यामध्ये नारळाची रांग आणि पत्र्याचं गोदाम. मी जमिनीत नळी पुरून एक तार नेली आणि पलीकडे दुकानातला सगळ्यात स्वस्त राउटर लावला. गौडा म्हणाले, "एवढंच?" त्यांची थोडी निराशा झाली असावी. पण त्यांनी घरची अंडी बांधून दिली.

अशी कामं खूप. घर बघितल्याशिवाय राउटर विकायचा नाही, हा माझा नियम होता. कितीतरी घरांत मी जुनाच राउटर बुटांच्या कपाटातून काढून दारावर टांगला, कॉफी घेतली आणि काही न विकता परत आले. यजमान म्हणायचे, "तू दुकान चालवतेस की धर्मशाळा?" पण मालाबद्दल मी कधी कुणाशी खोटं बोलले नाही. लष्कर मोहल्ल्यात एवढं नाव कमावायला पुष्कळ वर्षं लागतात, आणि त्याचा मला गर्व होता. आता जे सांगणार आहे त्यात तो नियम मीच मोडला. नावं बदलली आहेत, बाकी सगळं घडलं तसं आहे.

सुमित्रा विजयनगरची. तिच्या सासरचं घराणं मूळचं कापड रंगवणाऱ्यांचं, पण रंगाचे हौद कधीच बुजले. नवरा हुणसूरला एका गोदामावर कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. घरी सुमित्रा आणि तिच्या सासूबाई रखमक्का, दोघीच. सुमित्राचं वय चाळिशीचं. लहानपणीच्या पोलिओनं डावा पाय अधू. शिकलेली, तीन भाषा स्वच्छ बोलणारी, पण बसमध्ये चढणं-उतरणं जमत नाही म्हणून मिळालेल्या दोन नोकऱ्या सोडलेली. दोन वर्षं ती घरबसल्या करता येईल असं काम शोधत होती. शेवटी बाहेरगावच्या एका कंपनीनं तिला घेतलं: घरी बसून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. अट अशी, की पहिले दहा दिवस परीक्षा. त्या दहा दिवसांत तिच्या बाजूनं तीनदा फोन तुटला तर काम गेलं.

नवरात्र बसायच्या आठवडाभर आधी ती रिक्षानं दुकानात आली.

"अक्का, स्वस्तातला पायजे, पण तुटायचं नाही बघा. तीनदा तुटलं की संपलं म्हणून सांगितलेत."

मी म्हटलं, "उद्या घर बघायला येते, मग देते."

"उद्या सकाळपासून ट्रेनिंग आहे की. आजच द्या. मीच लावून घेते. हे बघा, फोटो आणलोय."

फोनवर तिनं हॉलचा फोटो दाखवला. खिडकीशेजारच्या कोपऱ्यात बुटकी फळी, तिच्यावर नेटचा डबा. समोर सगळी जागा मोकळी. मागच्या पातळ भिंतीपलीकडे तिची खोली. जागा थोडी खाली होती, पण मोकळी होती, आणि खोली जवळ होती. दसऱ्याचे दिवस म्हणजे आमच्याकडे धांदल. गावात पाहुणे येतात, ज्याच्या घरात दोन खोल्या जास्त आहेत तो होमस्टे काढतो, आणि प्रत्येकाला नेट आजच्या आज हवं असतं. फोटो बघितला म्हणजे घर बघितलं, असं मी मनाशी म्हटलं आणि दोन शिंगांचा एक चांगला राउटर तिला दिला. संध्याकाळी तिचा मेसेज आला, सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात म्हणून.

ट्रेनिंगचे दिवस छान गेले. नवरात्र बसलं आणि त्याच दिवशी खरे फोन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमित्राचा फोन आला. "अक्का, मधेच तुटलं."

मी विचारलं, "राउटर हलवलात का कुठं?"

"नाही की. होता तिथंच आहे."

मी म्हटलं, बंद करून चालू करा. तिनं आतून सासूबाईंना हाक मारली, त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि चाललं. चौथ्या दिवशी दुसऱ्यांदा तुटलं. मी फोनवरूनच तिला एकेक पायरी सांगत वेगवान लहर बंद करवली आणि लांब जाणारी चालू ठेवली. पुन्हा विचारलं, "नक्की हलवला नाही ना?" ती म्हणाली, "खरंच नाही हो अक्का."

पाचव्या दिवशी सकाळी आठला तिचा फोन. आवाज बारीक झालेला. "अक्का, आज या. आवाज आत्ताच अडखळायला लागलाय. आज तुटलं तर संपलं."

मी म्हटलं, "नऊला येते." आणि निघालेही. वाटेत एका होमस्टेच्या मालकाचा फोन आला. सहा खोल्यांत पाहुणे उतरलेले, नेट बंद, पाहुणे ओरडतायत. ते मोठं गिऱ्हाईक होतं. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम असेल. गच्चीवर माकडांनी तार ओढली होती. ती शोधून जोडेपर्यंत दोन तास गेले. विजयनगरला सुमित्राच्या दारात मी पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते.

रखमक्कांनी दार उघडलं, आणि हॉलमध्ये पाऊल टाकताच मला सगळं कळलं.

हॉलमध्ये बोंबे मांडलेल्या होत्या. म्हैसूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते: नवरात्रात आमच्याकडे घराघरांत पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. रीत इथली, पण आमच्या मराठी घरांनी ती कधीच आपली करून टाकली आहे. रखमक्कांची मांडणी देखणी होती. पाच पायऱ्या, त्यांवर शुभ्र चादर. खाली हत्ती, शिपाई, बँडवाले, डाळ-तांदळाची दुकानं लावून बसलेला पोट सुटलेला शेट्टी आणि त्याची बायको. सगळ्यात वर पट्टद बोंबे, म्हणजे लाकडाची राजाराणीची जोडी. ही जोडी मुलगी लग्नात माहेराहून आणते.

"रखमक्का, राउटर कुठं आहे?"

"तिथंच आहे की," त्या म्हणाल्या आणि पायऱ्यांकडे बोट केलं. "आत. लाल-हिरवे दिवे दिसायला बरं नाही म्हणून चादर जरा पुढं ओढून घेतली."

मी चादर वर करून टॉर्च मारला. पायऱ्या कशाच्या रचल्या होत्या, तर लग्नातल्या लोखंडी ट्रंका, तांदळाचे पत्र्याचे डबे, आणि त्यांवर फळ्या. तसंच रचतात. आमच्या घरीही तसंच रचतात. मधल्या पोकळीत, चारी बाजूंनी लोखंड, अशा बोळात माझा राउटर बसून होता. सुमित्रा खोटं बोलली नव्हती. त्याला कुणी तसूभरही हलवलं नव्हतं. त्याच्याभोवती घर बदललं होतं.

मी तिथंच स्टुलावर बसले. जन्म म्हैसूरमध्ये गेला. त्याच पाच दिवसांत माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये ट्रंकांवर पायऱ्या उभ्या होत्या, आणि मी रोज त्यांच्यासमोर बसून पेपर वाचत होते. तरी फोनवर दोन वेळा मी "हलवला का" एवढंच विचारलं. "बोंबे कुठं मांडल्यात" असं विचारलं नाही. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजूनही गेलेली नाही.

"हा बाहेर काढायला लागेल," मी म्हटलं. "त्यासाठी वरची पायरी काढायला लागेल."

रखमक्का दचकल्या. "काय बोलताय मा? दशमीपर्यंत हात लावायचा नाही. दशमीला रात्री निजवायच्या, मगच हलवायच्या. बावन्न वर्षं झाली मला ह्या घरात येऊन, एकदा मधे हलवलो नाही. ह्यांचं आजारपण होतं त्या वर्षीसुद्धा नाही."

मी त्यांना समजावलं, की हवेतून जाणारं नेट लोखंडाला अडतं, चारी बाजूंनी ट्रंका आहेत, म्हणून आत सुनेचा फोन तुटतोय. त्यांनी चादरीखाली वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळं तुटतंय होय?"

"तुमच्यामुळं नाही. मी आधी येऊन बघायला पाहिजे होतं."

सुमित्रा आतल्या दाराशी चौकटीला धरून उभी होती. "अत्ते, राहू द्या," ती म्हणाली. आमच्याकडे सासूला अत्ते म्हणतात. "बेडा अत्ते, हलवू नका. राहू द्या."

तिच्या मागं टेबलावर हेडफोन पडलेला दिसत होता. दोन फोनांच्या मधली सवड असेल, असं मला वाटलं.

"राहू द्या म्हणते बघा," रखमक्का मला म्हणाल्या. "दोन वर्षं त्या कॉम्प्युटरसमोर अर्ज लिहीत बसली. आता मिळालंय तर राहू द्या म्हणते. माझ्यासाठी म्हणून." त्यांनी पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं आणि जोडीसमोर हात जोडून काहीतरी पुटपुटल्या. एवढंच ऐकू आलं, की चामुंडीनं काय दोष द्यायचा तो मला द्यावा. मग स्टुलावर चढून त्यांनी राजा उजव्या हातात आणि राणी डाव्या हातात घेतली आणि खाली उतरल्या.

मी म्हटलं, "टेबलावर ठेवा की."

"ठेवायचं नाही. ठेवल्या म्हणजे निजवल्यासारखं होतं."

"मग तुम्ही तरी खुर्चीवर बसा."

"राजाराणी उभे आहेत, मी बसू होय?"

मी फळी काढली, वरचा डबा बाजूला केला आणि आत हात घालून राउटर आणि नेटचा डबा वर घेतला. काचेची तार वेटोळी होती, ती हळूहळू सोडवून वरपर्यंत आणली. काचेच्या तारेला घाई चालत नाही. जास्त वाकली की तुटते. पुरी वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ सत्तरी ओलांडलेली ती बाई हॉलच्या मधोमध दोन्ही हातांत दोन बाहुल्या छातीशी धरून उभी होती. त्यांनी कोपरं कशालाही टेकवली नाहीत. फळी परत ठेवली, तिच्यावर मागच्या बाजूला राउटर, आणि पुढं जागेवर राजाराणी. मी सुमित्राच्या खोलीत जाऊन फोनवर बघितलं. सगळ्या दांड्या भरल्या होत्या.

"झालं?" रखमक्कांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी मला सांगून टाकलं, की आता दशमीपर्यंत एकभुक्त राहणार. तेवढं प्रायश्चित्त पुरे.

निघाले तेव्हा सुमित्रा फाटकापर्यंत आली. तेवढं चालायचीही तिला गरज नव्हती, म्हणून मी थांबले. तिनं फोन माझ्यापुढं धरला. कंपनीचा मेल होता. चार ओळींचा, नम्र. तिसऱ्यांदा फोन तुटला होता साडेदहाला. मेल पावणेअकराचा होता.

मी म्हटलं, "मग त्यांना थांबवायचं होतंस की."

"थांबवलं की. राहू द्या म्हटलं दोनदा. खरं काय ते सांगितलं असतं, तर माझ्या बोंब्यांनी तुझं काम घालवलं म्हणून जन्मभर रडल्या असत्या. आणि एकदा त्यांनी हातात घेतल्यावर कसं सांगू अक्का? वीस मिनिटं उभ्या राहिल्या. बघितलात की तुम्ही." मग फोन परत घेत म्हणाली, "तुम्ही पण सांगू नका."

मी म्हटलं, "सांगणार नाही." आणि म्हटलं, "मी नऊला यायला पाहिजे होतं."

"होय," ती म्हणाली.

"असू दे" म्हणाली नाही. त्याबद्दल मला तिचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. कुणीतरी ते म्हणायला हवं होतं.

राहिलेले पाच दिवस ती रोज ठरल्या वेळी दार लावून, हेडफोन घालून बसायची आणि कुणाशीच नसलेलं बोलणं कन्नडमध्ये, इंग्रजीत बोलायची. रखमक्का हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना ओठांवर बोट ठेवून गप्प करायच्या, आत सुनेचं काम चाललंय म्हणून. हे मला सुमित्रानंच नंतर सांगितलं, आणि सांगताना ती हसली. मला हसू आलं नाही.

दसरा संपल्यावर मी माझ्या गिऱ्हाइकांची वही काढली आणि एकेकाला विचारत सुटले. उगादीच्या आधी एक दातांचे डॉक्टर सापडले. त्यांच्या तीन दवाखान्यांच्या वेळा फोनवर द्यायला घरबसल्या कुणीतरी हवं होतं. आधीच्या कामापेक्षा लहान काम, पण ते सुमित्राला मिळालं आणि आजतागायत टिकलं आहे. रखमक्कांच्या हिशेबी हे तेच पहिलं काम, दसऱ्यात लागलेलं. मधल्या महिन्यांत सुमित्रानं ते सोंग कसं निभावलं, हे मी कधी विचारलं नाही. त्यानंतर फोटो बघून मी कधी राउटर दिला नाही. गेल्या वर्षी दुकान पुतण्याच्या हवाली केलं, तेव्हा हा नियमही त्याला दिला. तो मान हलवतो. पाळतो की नाही माहीत नाही.

हे सगळं मी सुमित्राला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा की अक्का. अत्तेंना मराठी बोलायला येतं, वाचायला कुठं येतं? वाचून दाखवणारी मीच."

दर दसऱ्याला मला त्यांच्याकडे हळदी-कुंकवाचं बोलावणं असतं. रखमक्का आता बोंबे मांडताना आधी वरच्या फळीवर राउटर ठेवतात, आणि मग त्याच्यापुढं राजाराणी. चादर ओढून तो झाकत नाहीत. खंडेनवमीला त्यालाही गंध-फूल असतं. कोरडंच लावा एवढं मी त्यांना सांगितलं आहे. बघायला आलेल्या प्रत्येक बाईला त्या त्याची हकिगत सांगतात. बोंबे मधेच हलवल्या आणि सुनेचं काम वाचलं, चामुंडीनं दोष धरला नाही, असं.

मग माझ्याकडे वळतात.

"त्या दिवशी तुम्ही वेळेवर आला म्हणून. नव्हं अक्का?"

सुमित्रा हरभऱ्याच्या उसळीच्या वाट्या भरत असते. मान वर करत नाही.

"होय रखमक्का," मी म्हणते. "वेळेवर आले."